वॉल्टर टल: फुटबॉलच्या मैदानातून खंदकात – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉल्टर टल कोण होता?

पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळातला इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉलपटू. वडील कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरून आलेले कृष्णवर्णीय, आई केंट परगण्यातली गोरी इंग्रज. टॉटनहॅम हॉटस्पर आणि नॉर्दम्प्टन टाउन या क्लबांकडून तो खेळला. डिसेंबर १९१४ मध्ये तो साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला, मे १९१७ च्या अखेरीस सेकंड लेफ्टनंट झाला आणि २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये लढताना मारला गेला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

त्या काळच्या ब्रिटिश सैन्याच्या नियमांप्रमाणे त्याच्या वर्णाच्या माणसाला अधिकारी होता येत नव्हतं. तरीही तो झाला, आणि त्याच्या हुकमाखालचे सैनिक गोरे होते. त्याच्याविषयी लिहिताना बहुतेक जण ‘पहिला’ या बिरुदापाशी थांबतात. मला त्याच्या आयुष्यात जास्त मोलाचं वाटतं ते हे की, ज्यांनी त्याला जवळून पाहिलं त्यांनी त्याच्यावर जबाबदारी सोपवली आणि ती त्यानं निभावली. खालची उत्तरं वाचताना एवढं मनात ठेवा.

त्याचं बालपण कुठे गेलं?

जन्म २८ एप्रिल १८८८, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोकस्टन गावी. पूर्ण नाव वॉल्टर डॅनियल जॉन टल. वडील डॅनियल सुतारकाम करायचे. ते १८७६ मध्ये बार्बाडोसहून इथे आले आणि इथलेच झाले. डॅनियल यांचे वडील बार्बाडोसमध्ये गुलाम होते, म्हणजे वॉल्टरच्या आजोबांनी उसाच्या मळ्यांची ती गुलामगिरी स्वतःच्या अंगावर सोसली होती. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरीविरोधी कायदा १८३४ साली लागू झाला. आजोबा दुसऱ्याच्या मालकीचे आणि नातू राजाच्या सैन्यात अधिकारी, हा प्रवास अवघ्या तीन पिढ्यांत झाला.

आई अ‍ॅलिस पामर स्थानिक शेतमजूर वर्गातली. वॉल्टर सात वर्षांचा असताना, १८९५ मध्ये, ती कर्करोगानं गेली. डॅनियलनं मग अ‍ॅलिसच्याच चुलतबहिणीशी, क्लाराशी, लग्न केलं आणि त्यांना एक मुलगी झाली. पण १८९७ च्या डिसेंबरमध्ये डॅनियलही हृदयविकारानं गेला. क्लाराच्या पदरात सावत्र मुलं, एक तान्ही पोर, आणि घरात कमाई जवळजवळ नाही.

मग तो अनाथाश्रमात कसा गेला?

क्लारानं सगळी मुलं जवळ ठेवायचा प्रयत्न केला, पण ते झेपणारं नव्हतं. फेब्रुवारी १८९८ मध्ये वॉल्टर आणि त्याचा मोठा भाऊ एडवर्ड यांना लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या बॉनर रोडवरच्या अनाथाश्रमात पाठवलं गेलं. हा आश्रम मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी चालवलेला होता. तीच संस्था आज ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन’ या नावानं काम करते.

सावत्र आईनं पोरांना टाकलं, असा सूर काही लेखांत लागतो. तो क्लारावर अन्याय आहे. विधवेला पेन्शन नाही, सरकारी आधार म्हणजे गरीबगृहाची नामुष्की, अशा काळात तिनं दोन मुलांना शिक्षण आणि पोटभर अन्न मिळेल अशी जागा शोधली. घराशी नातं तुटलं नाही.

दोन भावांची ताटातूट मात्र झाली. आश्रमाचं गायकवृंद पथक देणग्या गोळा करायला गावोगाव फिरायचं आणि एडवर्ड त्यात गायचा. १९०० मध्ये ग्लासगोच्या वॉरनॉक कुटुंबानं त्याला दत्तक घेतलं. वॉल्टर आश्रमातच राहिला. तिथल्या छापखान्यात तो मुद्रणाचं काम शिकला आणि आश्रमाच्या फुटबॉल संघात खेळू लागला.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो कसा आला?

आश्चर्य वाटेल इतक्या झपाट्यानं. १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्व लंडनच्या क्लॅप्टन या नावाजलेल्या हौशी क्लबनं त्याला घेतलं. त्याच हंगामात क्लॅप्टननं एफ. ए. अमॅच्युअर कप, लंडन सीनियर कप आणि लंडन काउंटी अमॅच्युअर कप असे तीन चषक जिंकले. मार्च १९०९ मध्ये ‘फुटबॉल स्टार’ या वृत्तपत्रानं त्याला हंगामातला सर्वात मोठा लाभ म्हटलं. सहा महिन्यांपूर्वी या पोराचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

टॉटनहॅमनं त्याला आधी आजमावून पाहिलं. १९०९ च्या उन्हाळ्यात क्लबचा संघ अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर गेला, त्यात टलला नेलं. त्यानंतर व्यावसायिक करार झाला. करारापोटी दहा पौंड आणि आठवड्याला चार पौंड पगार. दोन्ही आकडे त्या वेळच्या कमाल मर्यादेचे, म्हणजे क्लबनं हात आखडता घेतला नाही. छापखान्यात काम शिकलेल्या अनाथ मुलाच्या हाती आठवड्याला चार पौंड येणं ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

तो इंग्लंडमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू होता का?

नाही. आर्थर व्हार्टन त्याच्या आधीचा. व्हार्टन आजच्या घानातल्या आक्रा इथे १८६५ मध्ये जन्मला. तो गोलकीपर होता आणि पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. त्याच्याही आधी, १८८१ मध्ये, अँड्र्यू वॉटसन स्कॉटलंडकडून आंतरराष्ट्रीय सामना खेळला होता, तोही कर्णधार म्हणून. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत विली क्लार्क हा मिश्रवंशीय फॉरवर्ड विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत ॲस्टन व्हिलाकडून खेळून गेला होता.

टलचं स्थान या परंपरेतच आहे. त्याला ‘पहिला’ म्हटलं की व्हार्टन, वॉटसन आणि क्लार्क पुसले जातात, आणि ते पुसण्याचं काम इतिहासानं आधीच पुरेसं केलं आहे.

टॉटनहॅममध्ये नेमकं काय घडलं?

टॉटनहॅमचा संघ नुकताच पहिल्या श्रेणीत चढला होता. १९०९-१० हा तिथला त्यांचा पहिलाच हंगाम. टल इनसाइड फॉरवर्ड म्हणून, म्हणजे आक्रमणाच्या फळीत, खेळायचा. पहिला सामना सप्टेंबर १९०९ मध्ये संडरलँडच्या मैदानावर झाला. तो टॉटनहॅमनं गमावला. घरच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर तो पहिल्यांदा उतरला तेव्हा समोर एफ. ए. कप जिंकलेला मँचेस्टर युनायटेडचा संघ होता आणि प्रेक्षक तीस हजारांवर. पहिला गोल त्यानं ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध केला. तो धावून चाल करणारा खेळाडू नव्हता. चेंडू ताब्यात ठेवायचा, डोकं शांत ठेवायचं आणि योग्य क्षणी पास द्यायचा, ही त्याची शैली. थंड डोकं हा त्याचा गुण वार्ताहरांनी तेव्हाच टिपला होता. आठ वर्षांनी एका सेनापतीनंही त्याच्याबद्दल नेमकं हेच लिहिलं.

ऑक्टोबर १९०९ मध्ये संघ ब्रिस्टल सिटीशी खेळायला गेला. तिथल्या प्रेक्षकांतल्या एका टोळीनं टलवर वर्णावरून घाणेरड्या शिव्यांचा भडिमार केला. ‘फुटबॉल स्टार’च्या वार्ताहरानं हे झाकलं नाही. फुटबॉल आणि वर्णद्वेष अशा मथळ्याखाली त्यानं लिहिलं की, ही भाषा लंडनच्या मासळी बाजारालाही लाजवेल अशी होती. ब्रिस्टलच्या या गुंडांना त्यानं ठणकावून सांगितलं की, मनानं आणि खेळानं टल इतका निर्मळ आहे की फुटबॉल खेळणाऱ्या सगळ्या गोऱ्या माणसांनी त्याचा कित्ता गिरवावा. त्या दिवशी टॉटनहॅमचा सर्वोत्तम फॉरवर्ड टलच होता, हेही त्यानं नोंदवलं.

मी हा मजकूर वाचताना दर वेळी थबकतो. १९०९ साली, साम्राज्य भरात असताना, एका क्रीडा वार्ताहराला हे लिहावंसं वाटलं. त्याच बातमीमुळे आज आपल्याला त्या दुपारी काय झालं ते कळतं. फुटबॉलच्या मैदानावरच्या वर्णद्वेषी शिवीगाळीची सविस्तर छापील नोंद म्हणून ती फार जुनी आहे.

त्या प्रकारामुळेच त्याला संघातून काढलं का?

क्लबनं तसं कधी म्हटलं नाही. पण घटनाक्रम बघा. हंगामाच्या सुरुवातीला तो नियमित खेळत होता, चांगला खेळत होता, वर्तमानपत्रं कौतुक करत होती. ब्रिस्टलनंतर काही दिवसांतच तो पहिल्या संघाबाहेर गेला आणि रिझर्व्ह संघात खेळू लागला. टॉटनहॅमसाठी लीगचे त्याचे सामने एकूण दहाच भरले आणि गोल दोन.

काही अभ्यासक म्हणतात की त्याचा वेग पहिल्या श्रेणीला कमी पडला. ही शक्यता नाकारता येत नाही. पण खेळ घसरला म्हणून वगळलेल्या खेळाडूला फॉर्म परत मिळवायची संधी मिळते. इथे ती जवळजवळ मिळालीच नाही. क्लबला गोंगाट नको होता आणि गोंगाट करणाऱ्यांना रोखण्यापेक्षा ज्याच्यावर गोंगाट होतो त्याला बाजूला करणं सोपं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नॉर्दम्प्टनमध्ये त्याचे दिवस कसे गेले?

चांगले गेले. ऑक्टोबर १९११ मध्ये नॉर्दम्प्टन टाउननं त्याला घेतलं. नॉर्दम्प्टन म्हणजे बूट बनवणाऱ्या कारागिरांचं शहर, म्हणून त्यांच्या संघाचं टोपणनाव ‘कॉबलर्स’. संघ सदर्न लीगमध्ये खेळायचा. ती स्पर्धा फुटबॉल लीगच्या बाहेरची असली तरी दर्जानं कच्ची नव्हती.

त्याला आणणारा व्यवस्थापक होता हर्बर्ट चॅपमन. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल यांना लीगचे विजेते करणारा तोच चॅपमन. माणूस पारखण्यात त्याचा हात धरणारा त्या पिढीत कुणी नव्हता. टल तिथे मागे सरकून हाफबॅक म्हणून, म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्या मधल्या फळीत, स्थिरावला आणि संघाचा कणा बनला. युद्ध सुरू होईपर्यंत पहिल्या संघाकडून त्याचे जवळपास एकशे दहा सामने झाले. एका सामन्यात त्यानं ब्रिस्टल रोव्हर्सवर एकट्यानं चार गोल चढवले. शहर तेच, क्लब वेगळा.

‘फुटबॉल बटालियन’ म्हणजे काय?

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तरी फुटबॉलचा हंगाम थांबला नाही. क्रिकेट आणि रग्बीवाल्यांनी सामने आवरते घेतले, पण व्यावसायिक फुटबॉलपटू करारानं बांधलेले होते. तरणीताठी पोरं चेंडू लाथाडतायत आणि दुसऱ्यांची मुलं मरतायत, अशी ओरड सुरू झाली. या ओरडीत वर्गाचा वासही होता, कारण फुटबॉल हा कामगारांचा खेळ.

१५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा होऊन मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन उभी राहिली. तीच पहिली फुटबॉल बटालियन. खेळाडू, क्लबांचे कर्मचारी आणि चाहते, सगळे एकत्र भरती होऊ शकत होते. फ्रँक बकली हा खेळाडू सर्वात आधी पुढे आला. तो पुढे मेजर झाला आणि युद्धानंतर नामवंत व्यवस्थापकही. क्लॅप्टन ओरिएंट या क्लबचे खेळाडू आणि कर्मचारी मिळून चाळीसच्या वर लोक गेले. त्यातले तीन खेळाडू परतले नाहीत.

सभेनंतर सहाच दिवसांनी, २१ डिसेंबरला, टल भरती झाला. नॉर्दम्प्टन टाउनमधून जाणारा तो पहिला खेळाडू. सक्तीची भरती १९१६ मध्ये आली, त्यामुळे त्याच्यावर कसलंही बंधन नव्हतं. अनाथाश्रमातली शिस्त अंगी मुरलेली असल्यानं असेल, पण त्याला भराभर बढत्या मिळाल्या आणि फ्रान्सला निघण्याआधीच तो सार्जंटच्या हुद्द्याजवळ पोहोचला होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये बटालियन फ्रान्सला गेली.

युद्धात त्याच्या मनावर परिणाम झाला होता का?

हो, आणि हे सांगायला कचरू नये. मे १९१६ मध्ये त्याला इंग्लंडला परत पाठवलं गेलं. कागदावर निदान लिहिलं होतं ‘तीव्र उन्माद’. आज आपण ज्याला युद्धाचा मानसिक आघात म्हणतो, तोच. सततचा तोफांचा मारा, चिखल, झोपेचा पत्ता नाही, शेजारचा माणूस बोलता बोलता मरतो. यानं मन मोडलं नाही तरच नवल.

त्यामुळे फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या मोठ्या लढाईत पहिल्या दिवसापासून तो आघाडीवर होता असं जे कुठे कुठे लिहिलेलं आढळतं, ते बरोबर नाही. १ जुलै १९१६ रोजी लढाई सुरू झाली तेव्हा तो इंग्लंडमध्ये उपचार घेत होता. सप्टेंबरमध्ये तो परत फ्रान्सला गेला, या वेळी मिडलसेक्सच्याच २३ व्या बटालियनमध्ये, म्हणजे दुसऱ्या फुटबॉल बटालियनमध्ये. सोमची लढाई तेव्हाही चालूच होती आणि तिच्या शेवटच्या महिन्यांत तो लढला. डिसेंबरमध्ये खंदकज्वरानं त्याला पुन्हा मायदेशी आणलं. उवांमुळे पसरणारा हा ताप हजारो सैनिकांना आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत असे.

आघातातून सावरून तो स्वतःच्या पायांनी पुन्हा त्याच आघाडीवर गेला. त्याच्या शौर्याची गोष्ट सांगताना इटलीतल्या पियावे नदीवरच्या छाप्याचा उल्लेख होतो, सप्टेंबर १९१६ चा सहसा होत नाही. माझ्या मते तो व्हायला हवा.

नियमाविरुद्ध तो अधिकारी कसा झाला?

सैन्याच्या नियमपुस्तिकांत अधिकारी होण्यासाठी ‘शुद्ध युरोपीय वंशाचा’ असण्याची अट होती. १९१४ च्या लष्करी कायद्याच्या पुस्तिकेनं ‘निग्रो किंवा अन्य वर्णाच्या’ माणसांना प्रत्यक्ष हुकमत गाजवणाऱ्या पदांपासून दूर ठेवलं होतं. यामागचा तर्क उघड होता. गोरे सैनिक काळ्या अधिकाऱ्याचा हुकूम मानणार नाहीत, आणि मानला तर साम्राज्याची सगळी उतरंडच ढासळेल.

मग सोमच्या लढाईनं गणित बदललं. तरुण अधिकारी इतक्या संख्येनं मेले की प्रतिष्ठित शाळांतून शिकलेली मुलं पुरेनात. सैन्याला शिपायांतूनच अधिकारी घडवावे लागले. बटालियनच्या वरिष्ठांनी शिफारस करायची आणि उमेदवारानं कॅडेट प्रशिक्षण पूर्ण करायचं, अशी वाट खुली झाली. टलला त्याच्या वरिष्ठांनी पुढे केलं. १९१७ च्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या गेल्स इथे प्रशिक्षण झालं आणि मे महिन्याच्या अखेरीस तो सेकंड लेफ्टनंट म्हणून बाहेर पडला.

नियम रद्द झाला नव्हता. तो जिथल्या तिथे होता. पण दिल्या-घेतल्या शब्दावर चालणाऱ्या माणसांनी, टलला खंदकात पाहिलेल्या माणसांनी, तो बाजूला ठेवला. गरज नसती तर त्यांनी हे केलं असतं का, हा प्रश्न रास्त आहे. पण गरज तर सगळ्याच बटालियनांना होती आणि टलसारखे अधिकारी फार थोडे झाले. त्यामुळे याचं श्रेय फक्त गरजेला देऊन चालत नाही.

फरक समजायचा तर वेस्ट इंडीजहून आलेल्यांकडे बघावं. त्यांच्यासाठी १९१५ मध्ये वेगळी ब्रिटिश वेस्ट इंडीज रेजिमेंट उभारली गेली. फ्रान्समध्ये तिच्या सैनिकांना बहुतेक हमालीचं काम दिलं गेलं, आणि अधिकारी गोरेच राहिले.

तो ब्रिटिश सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी, हे खरं आहे ना?

अनेक वर्षं असंच सांगितलं गेलं, पण ते टिकत नाही. जमैकात जन्मलेला जॉर्ज बेमँड १९१५ मध्येच रॉयल फील्ड आर्टिलरीत सेकंड लेफ्टनंट झाला होता आणि १९१६ च्या डिसेंबरमध्ये मारला गेला. टल हा आघाडीवर पायदळाच्या गोऱ्या सैनिकांचं नेतृत्व करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी एक, असं म्हणणं बरोबर ठरेल.

याच काळात भारतीय सैनिकांची स्थिती काय होती?

भारतीय सैनिक कितीही वर्षं लढला तरी त्याची मजल जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर इथपर्यंत. ही पदं व्हाइसरॉयच्या कमिशनची. वीस वर्षं पलटणीत घालवलेल्या सुभेदारानं कालपरवा विलायतेहून आलेल्या कोवळ्या सेकंड लेफ्टनंटला सलाम ठोकायचा. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. एप्रिल १९१६ मध्ये ती डिव्हिजन शरण आली तोवर या सुभेदारांनी उपासमारीत आपली माणसं धरून ठेवली होती. हुकमत मात्र त्यांची नव्हती.

लढाऊ दलांत भारतीयांना राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांना मिळायचं ते अधिकारपद, द्यायचा निर्णय झाला तो ऑगस्ट १९१७ मध्ये, आणि तेव्हा ते मिळालं मूठभरांना. म्हणजे टलच्या कमिशननंतर तीन महिन्यांनी. अट दोन्हीकडे वंशाचीच होती, म्हणून मराठी वाचकाला टलची गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. १९११ च्या उन्हाळ्यात, टल टॉटनहॅममध्ये असताना, पुण्याचा पळवणकर बाळू अखिल भारतीय क्रिकेट संघातून इंग्लंडच्या दौऱ्यावर होता आणि संघाचा सर्वोत्तम गोलंदाज ठरला होता. त्याला चेंडू हातात मिळाला. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र जातीमुळे आयुष्यभर मिळालं नाही.

इटलीत त्यानं काय पराक्रम केला?

ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेट्टोच्या लढाईत इटालियन सैन्याचा पाडाव झाला आणि त्यांना सावरायला ब्रिटिश आणि फ्रेंच डिव्हिजनी पाठवल्या गेल्या. टलची बटालियन ४१ व्या डिव्हिजनमध्ये होती. ती पियावे नदीकाठी पोहोचली. अलीकडे ब्रिटिश, पलीकडे ऑस्ट्रियन सैन्य, मध्ये अनेक प्रवाहांत विभागलेली, खळाळती, हिवाळ्यानं गारठलेली नदी.

१ आणि २ जानेवारी १९१८ च्या रात्री नदीपलीकडे छापा टाकायचा ठरला. तयारीसाठी जे आधी नदी ओलांडून गेले त्यांत टल होता. प्रत्यक्ष छाप्यात मुख्य तुकडीला आडोसा देणाऱ्या पथकाचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. सव्वीस माणसं. छापे म्हणजे माणसं गमावण्याचा हमखास मार्ग, हे खंदकातल्या प्रत्येकाला माहीत होतं. जोरदार गोळीबार सुरू असताना टलनं आपली सगळी माणसं पलीकडे नेली आणि एकही न गमावता परत आणली.

डिव्हिजनचे प्रमुख मेजर-जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या ‘शौर्य आणि शांतचित्त वृत्ती’ची लेखी नोंद केली. लॉफर्ड यांनी लिहिलेल्या काही ओळींत आगीखालून सगळ्यांना सुखरूप आणल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. माझ्यासाठी टलचं खरं पदक हेच. त्या सव्वीस जणांच्या घरी त्या आठवड्यात मृत्यूची बातमी गेली नाही.

त्याचा मृत्यू कसा झाला?

मार्च १९१८ मध्ये ४१ वी डिव्हिजन फ्रान्सला परत आणली गेली. २१ मार्चला जर्मनीनं आपला मोठा वसंतकालीन हल्ला सुरू केला आणि काही दिवसांत ब्रिटिश फळी मैलोगणती मागे रेटली गेली. २५ मार्च रोजी बापोमजवळच्या फाव्रॉय गावापाशी माघार घेणाऱ्या फळीत टलला गोळी लागली. त्याची माणसं त्याला आणायला धावली. त्यांत टॉम बिलिंगहॅम होता, युद्धाआधी लेस्टर फॉस या क्लबचा गोलकीपर. पण जर्मन इतके जवळ आले होते की त्यांना त्याला तिथेच सोडावं लागलं. मृतदेह पुढे कधीच ओळखला गेला नाही.

भाऊ एडवर्डला सेकंड लेफ्टनंट पिकार्ड यांचं पत्र आलं. टल सगळ्या बटालियनचा लाडका होता, शूर आणि कर्तव्यदक्ष होता. बटालियननं एक निष्ठावान अधिकारी गमावला आणि मी माझा मित्र, असा त्याचा आशय होता. अशी सांत्वनपत्रं त्या काळात रोज लिहिली जात आणि पुष्कळदा ठराविक साच्याची असत. पण गोळ्यांच्या वर्षावात मृत अधिकाऱ्याचा देह आणण्यासाठी शिपाई जीव धोक्यात घालतात, हे कुठल्याही साच्यात बसत नाही. गोरे सैनिक काळ्या अधिकाऱ्याला मानणार नाहीत, या नियमामागच्या समजुतीचा निकाल फाव्रॉयच्या त्या शेतात लागला.

त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं होतं का?

नाही. त्याची शिफारस झाली होती, असं पिकार्ड यांच्या पत्रात आहे. शिफारशीचा अधिकृत कागद सापडलेला नाही आणि पदक दिलं गेलं नाही. नियम मोडून अधिकारी केलेल्या माणसाला पदक देणं म्हणजे नियम मोडल्याची जाहीर कबुली देणं, म्हणून ते अडलं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. ब्रिटनमध्ये त्याला मरणोत्तर मिलिटरी क्रॉस द्यावा अशी मागणी अनेक वर्षं चालू आहे. २०१८ मध्ये त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा शंभरहून अधिक खासदारांनी तिला पाठिंबा दिला.

तो ग्लासगो रेंजर्स या स्कॉटिश क्लबकडून खेळणार होता, हे खरं का?

युद्ध संपल्यावर तो रेंजर्सकडून खेळणार होता, असं त्याच्या कुटुंबात सांगितलं जाई. भाऊ ग्लासगोतच राहत असल्यानं ते सहज पटण्यासारखं आहे. तो रेंजर्सकडून एकही सामना खेळला नाही, एवढं पक्कं.

एडवर्डचं पुढे काय झालं?

तो एडवर्ड टल-वॉरनॉक झाला, दंतवैद्यक शिकला आणि ग्लासगोत व्यवसाय केला. ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय दंतवैद्यांत त्याची गणना होते. वॉल्टरचे कागद आणि आठवणी त्याच्या घरात जपल्या गेल्या म्हणून आज आपल्या हाती आहेत. थोरला भाऊ विल्यमही सैन्यात होता, रॉयल इंजिनिअर्समध्ये. तो १९२० मध्ये गेला.

आज त्याच्या खुणा कुठे पाहता येतात?

फ्रान्समध्ये अरास स्मारकावर. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा सुमारे ३५,००० जणांची नावं त्या भिंतींवर आहेत, त्यात टलचं आहे. फोकस्टन आणि डोव्हरच्या युद्धस्मारकांवरही त्याचं नाव कोरलेलं आहे, म्हणजे गावानं त्याला कधी परका मानलं नाही. फुटबॉलच्या जगानं मात्र त्याला जवळजवळ ऐंशी वर्षं विसरून ठेवलं. १९९९ मध्ये नॉर्दम्प्टन टाउननं आपल्या सिक्सफील्ड्स मैदानाजवळ त्याचं स्मारक उभारलं आणि तिथल्या रस्त्याला ‘वॉल्टर टल वे’ नाव दिलं. २०१४ मध्ये रॉयल मिंट या ब्रिटनच्या टांकसाळीनं महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त काढलेल्या पाच पौंडांच्या नाण्यांत त्याचं नाणं होतं, २०१७ मध्ये नॉर्दम्प्टनच्या गिल्डहॉलच्या आवारात पुतळा बसला, २०१८ मध्ये टपाल तिकीट निघालं आणि २०२१ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

लंडनला गेलात आणि एकच जागा बघायला वेळ असला तर टॉटनहॅमला जा. जुनं व्हाइट हार्ट लेन पाडून त्याच जागी नवं स्टेडियम उभं राहिलं आहे. नॉर्दम्प्टन लंडनहून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर आहे, आणि सिक्सफील्ड्सचं स्मारक पाहायला तिकीट लागत नाही.